उसवलेली लोकर आणि परसातली शिंजीर

फाल्गुन सरत आला, की घरोघरी एकच लगबग दिसते. स्वेटर, मफलर, कानटोप्या धुऊन, खडखडीत वाळवून, डांबरगोळ्या घालून ट्रंकेत जातात. आणि नेमक्या ह्याच दिवसांत आमच्या घरी लोकर बाहेर निघते! शेजारणी हसतात. "अहो, डोक्यावर पंखा नि मांडीवर लोकर, हे काय हो?" पण मैत्रिणींनो, विणणाऱ्या बाईचं पंचांगच निराळं असतं. थंडीत घालायचा स्वेटर थंडीत सुईवर घेतला, तर तो होळीच्या सुमारास पुरा होतो आणि पुढच्या वर्षी पोराच्या मनगटाच्या वर चार बोटं राहतो. शिवाय हंगाम संपत आला, की दुकानदार उरलेली लोकर कमी भावात काढून टाकतात. फक्त घेताना सगळ्या गुंड्यांवरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना, तेवढं बघून घ्या. नाहीतर दुकानात एकसारखा दिसणारा रंग उन्हात धरला की पाठ एक नि पोट एक!

यंदा मात्र आम्ही नवी लोकर आणलीच नाही. यंदा जुनी उसवली.

आमच्या मामंजींना जाऊन आता दीड वर्ष झालं. ते गेले तेव्हा सासूबाईंच्या सुयांवर त्यांचाच बिनबाह्यांचा स्वेटर होता. राखाडी रंगाचा, पाठ पुरी झालेली, पुढचा भाग मुंढ्यापर्यंत आलेला. पहाटे फिरायला जायची सवय होती ना त्यांना, आणि आमच्या साताऱ्याची पहाट तुम्हांला ठाऊक असेलच. अजिंक्यताऱ्यावरून वारा सुटला, की दात वाजतात. तर तो स्वेटर तसाच्या तसा, सुयांसकट, कापडी पिशवीत घालून कपाटात गेला. दीड वर्ष कुणी त्याला हात लावला नाही. दिवाळीला कपाट आवरताना मी पिशवी उचलायची, फळी पुसायची आणि पिशवी होती तिथेच ठेवायची. काही गोष्टी सुनेनं विचारायच्या नसतात.

होळीनंतरच्या रविवारी त्यांनी आपण होऊन ती पिशवी काढली. "अगं, बस जरा समोर. हात पुढं कर." मला वाटलं, उरलेला भाग पुरा करायचं मनात असेल. तर त्यांनी सुई सर्रकन ओढून घेतली! सगळे टाके मोकळे.

मी म्हटलं, "आई, असू द्या ना. पुरा करू. हे घालतील की."

"त्याला कुठला होतोय! पोट बघितलंस का नवऱ्याचं?" आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "ह्यांच्या मापाचा स्वेटर दुसऱ्याच्या अंगावर नाही बघायचा मला. लोकर चांगली आहे. मोठ्याच्या पोराला करते."

मोठ्याच्या म्हणजे आमच्या पुण्याच्या भावजींच्या. त्यांचा धाकटा आता पाच वर्षांचा होईल. त्याला आजोबा आठवत असतील नसतील.

उसवायला बसलं, की बोलणं आपोआप सुरू होतं. हात गुंतलेले असतात, नजर धाग्यावर असते, समोरच्याकडे बघावं लागत नाही. आई सांगत होत्या, १९६२ साली चीनचं युद्ध झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. त्यांच्या आईच्याही हातात दिवसभर सुया. ह्यांच्याकडे काम काय, तर लडी दोन्ही हातांवर ताणून धरायची आणि हलायचं नाही. "हात इतके भरून यायचे! पण सोडायची प्राज्ञा नव्हती. ती म्हणायची, तिकडं बर्फात उभे आहेत ते, आणि तुला हात धरवत नाहीत?" मुंढ्याशी आलेला पुढचा भाग असा बोलता बोलता तासाभरात उसवून झाला. पाठ उसवताना मात्र त्या फार बोलल्या नाहीत.

जुनी लोकर पुन्हा वापरायची कृती सांगते, कारण ह्याबद्दल मला नेहमी विचारणा होते. उसवलेला धागा लगेच गुंडाळून गोळा करू नका. तो नागमोडी झालेला असतो आणि तसाच विणला तर वीण खडबडीत येते. खुर्चीच्या पाठीवर सैलसर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सुती दोऱ्यानं सैल बांधा. मग कोमट पाण्यात, फार गरम नको, रिठ्याच्या फेसात भिजवा. चोळायची नाही, पिळायची नाही. टॉवेलात दाबून पाणी टिपायचं आणि सावलीत काठीवर टांगून, खाली एखादी हलकी वस्तू अडकवायची. वाळली की केस विंचरल्यासारखी सरळ होते. लोकर खरी आहे की कृत्रिम धाग्याची, ह्याची शंका असेल तर तुकडाभर धागा चिमट्यात धरून जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची टणक गोळी होते. आमची खरी निघाली. मामंजींनी स्वतः दुकानात जाऊन आणली होती, दोनदा भाव करून.

आता परसाकडे वळते, कारण लडी वाळत घालायला मी परसात गेले आणि पुढचं सगळं तिथंच घडलं.

आमचं परस म्हणजे काही बाग नव्हे. मागच्या दारी पंधरा बाय वीस फूट जागा. त्यात मोगऱ्याची दोन झाडं, तांबडी जास्वंद, कढीपत्ता, अळूचं वाफं आणि भिंतीवर मधुमालती. सगळं मामंजींनी लावलेलं. ते एस.टी.त नोकरीला होते, त्यामुळे बागेचंही वेळापत्रक! जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर त्यांच्या बारीक अक्षरात नोंदी आहेत. "संक्रांतीआधी मोगऱ्याला ताण. मग छाटणी. मग शेणखत, मग पाणी." एवढं पाळलं, की चैत्रात घरभर वास. मी तेवढं पाळते. कढीपत्त्याचे शेंडे ह्या दिवसांत खुडावेत म्हणजे झाड बुटकं आणि भरगच्च होतं. जास्वंदीवर पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस दिसला, तर आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळच्या वेळी. दोडका-काकडीचं बी अजून लावलं नसेल तर आता वेळ घालवू नका. आणि उन्हाळ्यात पाणी कसं पुरवायचं म्हणाल, तर चकचकीत न केलेलं साधं मातीचं मडकं वेलाशेजारी गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण ठेवा. ते झिरपत राहतं. चार दिवस गावाला गेलात तरी वेल मान टाकत नाही.

तर जास्वंद छाटायची होती. फाल्गुनातच छाटतो आम्ही. कात्री घेऊन गेले तर एका वाळक्या फांदीच्या टोकाला केरकचऱ्याचा लोंबता झुबका. कुणालाही वाटेल, वाऱ्यानं उडालेला पालापाचोळा कोळिष्टकात अडकलाय. पण त्या कचऱ्याला बाजूनं एक दार होतं. दारावर इवलासा छज्जा. आणि आत बघते न बघते, तोच कढीपत्त्यावरून 'चिव्वीट चिव्वीट' असा कांगावा!

शिंजीर. पुस्तकात सूर्यपक्षी म्हणतात. अंगठ्याएवढा जीव, बाकदार चोच, पोट पिवळं. नराच्या अंगावर उन्हात जांभळी-तांबूस झळाळी येते. मादी आपली साधी, मातकट पाठीची. घरटं बांधण्याचं काम बहुतेक सगळं तिचंच. आणि बांधते कशानं? गवताच्या काड्या, सालपटं आणि कोळ्याच्या जाळ्यानं! जाळ्याचा धागा चोचीवर गुंडाळून आणायचा आणि त्यानं एकेक काडी जखडायची. आत सावरीच्या कापसाची गादी. दुरून बघितलं तर कचरा, जवळून बघितलं तर बटवा. आमच्या शाळेच्या कार्यानुभवाच्या प्रदर्शनात ठेवला असता, तर पहिला नंबर ठरलेला.

म्हणून एक सांगणं. पाडव्याची साफसफाई करताना घरातली जळमटं खुशाल काढा, पण परसातल्या भिंतीची, वळचणीची, झाडावरची कोळिष्टकं राहू द्या. तुमच्या दृष्टीनं ती घाण, तिच्या दृष्टीनं दोऱ्याचं रीळ.

दुसरं सांगणं त्याहून महत्त्वाचं. पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून लोकरीचे तुकडे झाडावर टांगायची एक टूम निघाली आहे. वर्गातल्या मुलींनीही मला विचारलं, "बाई, उरलेली लोकर टांगू का?" मी सरळ नको म्हटलं. लोकरीचा, नायलॉनचा, पतंगाचा, कुठलाही लांब धागा पक्ष्याच्या पायात गुंततो. बोटाभोवती आवळतो, सुटत नाही, आणि शेवटी बोट गळून पडतं. घरट्यातल्या पिल्लाच्या पायात गुंतला, तर ते उडूच शकत नाही. आमच्या कोपऱ्यावर वडापावच्या गाडीपाशी एक साळुंकी येते, तिच्या एका पायाला बोटंच नाहीत, नुसता खुंट. त्यांच्यासाठी काही करायचंच असेल तर वाळकं गवत, काथ्याच्या लहानशा फेशी कोपऱ्यात पडू द्या. उरलेल्या लोकरीचा गोंडा करा, उशीत भरा, काहीही करा.

तसाच विषय निघाला म्हणून सांगते. मी तासिका तत्त्वावर शाळेत शिकवते. सातवीच्या वर्गात विणकाम घेतलं तेव्हा मुलगे फिदीफिदी हसत होते. मी त्यांना सुगरणीची गोष्ट सांगितली. आपण तिला सुगरण म्हणतो, पण खोपा विणणारा असतो नर! डॉ. सालिम अली ह्यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला राहून ह्या पक्ष्यांवर नजर ठेवली होती. नर अर्धा खोपा विणून थांबतो. मादी येते, आत शिरते, ओढून-ताणून बघते. पसंत पडला, तर पुढचा भाग पुरा. नाही पडला, तर तो अर्धवट तसाच लोंबत राहतो. ह्यावर वर्गात जी शांतता पसरली! त्या वर्षी सगळ्यांत सारखी वीण एका मुलाची होती. वडील ट्रकवर आहेत, रात्रीच्या प्रवासात गळ्याला गार लागतं म्हणून त्यानं त्यांच्यासाठी मफलर केला.

हो, तर घरटं. त्याच आठवड्यात आमच्याकडे गवंडी यायचा होता.

भावजींचं बरेच दिवस चाललं होतं, की मागच्या परसात फरशी घालून घेऊ. पुण्याहून गाडी घेऊन येतात, समोरच्या रस्त्यावर लावावी लागते, एकदा कुणीतरी ओरखडा काढून गेलं. खोटं नाही त्यांचं. शिवाय पावसाळ्यात चिखल, आईंचं वय बहात्तर, पाय घसरला म्हणजे? हेही खरंच. आमच्या ह्यांनाही पटलं होतं. सिमेंटचे ठोकळे बसवायचे, मधुमालती काढायची, जास्वंद काढायची, कढीपत्ता कोपऱ्यात आहे तो राहील. पाडवा झाला की काम सुरू. मला विचारलं होतं, नाही असं नाही. मी "बघा तुम्ही" म्हटलं होतं. सासऱ्यांनी लावलेल्या झाडांवर मुलांचा हक्क आधी, सुनेचा नंतर, असं आपलं मला वाटतं. तुम्हांला काय वाटतं, कळवा.

गवंडी दोरी घेऊन माप घ्यायला आला. आई मागच्या दारात मोड्यावर बसून नव्या स्वेटरचा नमुना विणत होत्या. त्यांना एव्हाना मी घरटं दाखवलं होतं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "एक महिना नंतर आलास तर चालेल का रे?"

ह्यांनी म्हटलं, "आई, एका चिमणीसाठी?"

"चिमणी नाही ती. चष्मा लाव."

मग मीही जरा पुस्तकी झाले. सांगितलं, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी ह्यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येत घातलेलं आहे. हे म्हणाले, "म्हणजे मी शिकारी!" आणि हसले. पण गवंडी दोरी गुंडाळून गेला. त्यालाही दुसरीकडे काम होतंच.

महिना कशासाठी? तर अंडी बहुधा दोन, ती उबवायला साधारण पंधरवडा, आणि पिल्लं उडायला आणखी पंधरवड्याहून थोडं जास्त. त्या काळात आम्ही काय केलं? काहीच केलं नाही. हीच खरी देखभाल. रोज आत डोकावायचं नाही, फोटोसाठी फांदी वाकवायची नाही. आपण सारखे जाऊ लागलो, की कावळ्याला पत्ता कळतो. पाणी मात्र ठेवलं. उथळ परळ, दोन बोटं पाणी, मध्ये एक दगड म्हणजे लहान पाखराला उभं राहता येतं. रोज ओतून, काथ्यानं घासून, ताजं भरायचं. नाहीतर डासांची पैदास आणि घरात डेंग्यू! परळ उघड्यावर पण झुडपाजवळ ठेवा, आणि मांजराला दबा धरता येणार नाही असा. दाणे घालायचे तर बाजरी, तांदळाची कणी. खारे शेंगदाणे, शेव, फरसाण नको. २० मार्चचा चिमणी दिवस २०१० पासून जगभर पाळतात, तो नाशिकच्या मोहम्मद दिलावर ह्यांच्या पुढाकारानं सुरू झाला. शाळेत आम्ही त्या दिवशी मुलांकडून परळच ठेवून घेतो. भाषणं होतात ती वेगळी.

चैत्रातलं हळदीकुंकू झालं, आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं. बायका मागच्या दारी येऊन घरटं लांबून बघून गेल्या. आई रोज संध्याकाळी तिथंच विणत बसायच्या. नर कढीपत्त्यावर बडबडायचा, मादी मधुमालतीत शिरायची, आणि ह्यांच्या सुया टक टक टक. एकदा त्या म्हणाल्या, "हे असते तर कॅलेंडरावर लिहून ठेवलं असतं." मी दुसऱ्या दिवशी लिहायला सुरुवात केली. जुनं कॅलेंडर होतंच. "आज दोघंही किडे घेऊन आत. म्हणजे पिल्लं निघाली." पुढे रोज एक ओळ. अक्षर त्यांच्याएवढं बारीक नाही माझं.

स्वेटरचं माप कसं काढायचं, तेही इथंच सांगून टाकते. आधी चार इंचांचा चौकोन विणून बघा. त्याशिवाय टाके घालूच नका, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो. दहा नंबरच्या सुईवर माझ्या हाताला इंचाला सात टाके येतात, आईंच्या हाताला साडेसात, कारण त्या घट्ट विणतात. समजा, मुलाची छाती बावीस इंच. त्यात दोन इंच सैलपणासाठी. झाले चोवीस. अर्धे पाठीला, म्हणजे बारा. बारा साते चौऱ्याऐंशी टाके. नवशिक्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. बॉर्डर बारा नंबरवर एक सुलट एक उलट, मग अंगाला दहा नंबर. आणि बाह्यांना खालच्या बाजूनं थोडी लोकर राखून ठेवा. पोरं वाढतात.

अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी घरटं रिकामं झालं. एक पिल्लू मधुमालतीवर पिसं फुलवून बसलेलं मी पाहिलं. दुसरं मला दिसलं नाही. आई म्हणतात त्यांनी पाहिलं. मी कॅलेंडरावर "दोन" लिहिलं.

आता गवंड्याचं काय? मी वहीच्या मागच्या पानावर एक आकृती काढली आहे. गाडीच्या दोन चाकांपुरत्या शहाबादी फरशीच्या दोन पट्ट्या, मधली आणि कडेची माती तशीच. मागच्या दारापासून नळापर्यंत एक खडबडीत पायवाट, आईंच्या पायासाठी. पावसाचं पाणी जमिनीत मुरेल, मोगरा राहील, मधुमालती भिंतीवर आहे ती तिथंच. जास्वंद पट्टीच्या वाटेत येते, तिच्या फांद्या कुंड्यांत लावून ठेवल्या आहेत. ठोकळ्यांपेक्षा खर्चही कमी. ह्यांना आकृती पटली. भावजींना पाठवली, त्यावर त्यांचं म्हणणं, की करायचं तर एकदाच नीट करावं, अर्धवट कशाला. त्यांचंही बरोबर असेल. ह्या आठवड्यात ठरेल.

काल रात्री त्यांचा फोन आला तो आईंनीच घेतला. पलीकडून बराच वेळ फरशीचं, ठोकळ्यांचं, उताराचं चाललं असावं. आई हूं हूं करत होत्या. मांडीवर राखाडी पाठ, बॉर्डर होऊन वर तीन बोटं आलेली.

मग म्हणाल्या, "ते असू दे. तू आधी मोजपट्टी घे आणि पोराच्या छातीचं माप सांग मला. अंदाजानं घातलेत मी टाके. हां, घे, मी थांबते. अरे, पोटाचं नाही, छातीचं!"